न वाढलेली धावपट्टी: सुनागावा, १९५५ ते १९७७

४ मे १९५५ रोजी टोकियोच्या पश्चिमेला असलेल्या सुनागावा या छोट्या गावच्या नगराध्यक्षांना सरकारी निरोप आला. शेजारच्या ताचिकावा इथल्या अमेरिकी हवाई तळाची धावपट्टी वाढवायची आहे आणि त्यासाठी सुनागावाची जमीन लागणार आहे, असा तो निरोप. दोनच दिवसांत, ६ मेला, गावकऱ्यांनी विस्तारविरोधी संघ स्थापन केला. त्यानंतर चौदा वर्षांनी सरकारने योजना कागदोपत्री रद्द केली. धावपट्टी वाढली नाही. पुढे आख्खा तळच बंद झाला.

जपानमध्ये 'सुनागावा प्रकरण' म्हटलं की कायद्याच्या विद्यार्थ्यांना सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आठवतो आणि आंदोलनांच्या अभ्यासकांना १९५६ च्या ऑक्टोबरमधला लाठीमार आठवतो. दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पण जमीन वाचली ती या दोहोंपैकी एकामुळेही नाही, असं माझं मत आहे. ती वाचली न विकलेल्या मोजक्या शेतांमुळे आणि एका नगराध्यक्षाने न केलेल्या सरकारी कामामुळे. निकाल तर उलटाच लागला होता.

गाव आणि तळ

सुनागावा हे मुसाशिनोच्या पठारावर एदो काळात (१६०३ ते १८६८) वसवलेलं गाव. इत्सुकाइची काइदो नावाचा जुना रस्ता पूर्व-पश्चिम जातो आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी घरं. प्रत्येक घरामागे रुंदीला अगदी कमी पण लांबच लांब गेलेली शेताची पट्टी. घर, परसातली झाडं, मग तुती, भाजीपाला, धान्य, आणि शेवटी रानझाडी. अशा रचनेत बाहेरच्या कोणी एका टोकाला हात घातला की एकाच वेळी डझनावारी कुटुंबांची जमीन तुटते. १९५५ चा नकाशा पाहिला तर हेच दिसतं: धावपट्टीचं टोक उत्तरेकडे सरकवलं असतं तर शंभराहून अधिक कुटुंबांना झळ बसली असती आणि गावाचा कणा असलेला रस्ताच मधोमध तुटला असता.

तळ काही अमेरिकनांनी आणलेला नव्हता. ताचिकावाचं विमानतळ १९२२ मध्ये जपानी लष्कराने सुरू केलं. हानेदा सुरू होण्याआधी, १९३१ पर्यंत, टोकियोची नागरी विमानंही इथूनच उडत. लष्कराला जागा कमी पडली की शेतांच्या शेपट्या कापल्या जायच्या. हे अनेकदा झालं, आणि त्या काळात सैन्याला नाही म्हणायची सोय नव्हती. १९४५ च्या पराभवानंतर मालक बदलला. पन्नाशीतल्या शेतकऱ्याने एकाच आयुष्यात सम्राटाच्या सैन्याला जमीन दिलेली होती आणि विजेत्या सैन्यालाही. १९५५ चा विरोध इतक्या चटकन उभा राहिला त्याचं मूळ मला या आठवणीत दिसतं. अचानक कोसळलेलं संकट म्हणून लोक पेटले नाहीत. 'पुन्हा तेच' म्हणून पेटले.

तळाशेजारी राहणं म्हणजे काय, हेही गावाला माहीत होतं. १८ जून १९५३ रोजी ताचिकावाहून उडालेलं सी-१२४ ग्लोबमास्टर हे अमेरिकी मालवाहू विमान इंजिन बिघडून जवळच्या कोदाइरा इथे शेतात कोसळलं. त्यातले सर्व १२९ जण मेले. तोवरच्या जगाच्या इतिहासातला तो सर्वांत मोठा विमान अपघात होता. मेलेले सगळे विमानातले होते, हे परिसराचं नशीब.

सरकारची अडचण

२८ एप्रिल १९५२ रोजी जपानवरचा ताबा संपला आणि त्याच दिवशी अमेरिकेबरोबरचा सुरक्षा करार अमलात आला. म्हणजे देश स्वतंत्र झाला, पण तळ राहिले. फरक इतकाच पडला की अमेरिकी सेनापतीने हुकूम काढून जमीन घेण्याचे दिवस संपले. आता जमीन जपान सरकारने मिळवायची, भाड्याने किंवा विकत घ्यायची, नाहीतर सक्तीने संपादित करायची आणि अमेरिकी सैन्याला वापरायला द्यायची. त्यासाठी १९५२ मध्ये खास कायदाही झाला. जेट विमानांचा जमाना आला, जुन्या धावपट्ट्या अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा अमेरिकेने ताचिकावा, योकोटा, किसाराझु, निइगाता आणि कोमाकी अशा पाच तळांच्या विस्ताराची मागणी केली. पंतप्रधान हातोयामांच्या सरकारने ती मान्य केली.

त्याआधी दोन वर्षं जपान समुद्राकाठच्या उचिनादा गावात तोफांच्या चाचणीच्या मैदानावरून मोठं आंदोलन झालं होतं. 'पैसा एक वर्षाचा, जमीन दहा हजार वर्षांची' ही तिथली घोषणा देशभर गेली. पण मच्छीमार गाव नुकसानभरपाईवर फुटलं आणि मैदान वापरात आलंच. सुनागावाच्या लोकांसमोर हे ताजं उदाहरण होतं. सरकारसमोरही होतं. सरकारने त्यातून धडा घेतला तो असा: थोडं थांबा, दर वाढवा, गाव आपोआप फुटेल.

हा अंदाज अगदीच चुकीचा नव्हता. सुरुवातीला गाव एकमुखी होतं. नगरपरिषदेने मे महिन्यातच विरोधाचा ठराव एकमताने केला. नगराध्यक्ष मियाझाकी देन्झाएमोन स्वतः विरोधात उभे राहिले. पण काही महिन्यांतच 'अटींवर तयार' असणाऱ्यांचा गट वेगळा झाला. योग्य मोबदला, पर्यायी जमीन, घर हलवायचा खर्च मिळाला तर द्यायला हरकत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांना गद्दार ठरवून मोकळं होणं सोपं आहे. आंदोलनाच्या पुष्कळ आठवणींत तसं केलेलंही दिसतं. मला ते पटत नाही. ज्याची पट्टी अर्धी तळात गेलीच आहे, ज्याच्या छपरावरून दिवसरात्र विमानं जातात, त्याने बाहेर पडायचा विचार केला तर तो हिशेब आहे, फितुरी नाही. मात्र परिणाम कडू झाला. एकाच आळीतले, एकाच देवळाचे मानकरी असलेले शेजारी एकमेकांच्या दारात जाईनासे झाले. वर्षं सरत गेली तशी विकणारी घरं वाढली आणि शेवटपर्यंत टिकलेली राहिली तेवीस.

मोजणी अडवणं

सक्तीने जमीन घ्यायची तर आधी मोजणी हवी. मोजणीसाठी माणसं शेतात उतरायला हवीत, साखळ्या धरायला हव्यात, खुंटे ठोकायला हवेत. सुनागावाच्या लोकांनी लढा इथेच आणला. मोजणीदार येताना दिसले की आग लागल्यावर वाजवायची टेहळणी मनोऱ्यावरची घंटा वाजायची आणि बायका, म्हातारे, पोरं शेतातून धावत यायची. महिलांचं वेगळं पथक होतं. पुरुषांना पोलिसांनी आधी उचलावं आणि वाट मोकळी करावी, हा डाव चालू नये म्हणून बायका पुढे बसत.

सप्टेंबर १९५५ मध्ये पोलीस बंदोबस्तात पहिले खुंटे ठोकले गेले. नोव्हेंबरमध्ये आणखी. याच सुमारास विरोधी संघाचे कृती पथकप्रमुख आओकी इचिगोरो यांचं वाक्य गाजलं: 'जमिनीत खुंटे ठोकले गेले, तरी मनात खुंटे ठोकले जाणार नाहीत.' जपानच्या युद्धोत्तर आंदोलनांत हे वाक्य घोषणा म्हणून आजही लिहिलं जातं. पण ते पहिल्यांदा ऐकणाऱ्यांच्या दृष्टीने ते पराभवाच्या दिवसांतलं वाक्य होतं, हे विसरलं जातं. खुंटे खरोखरच ठोकले गेले होते.

गावाबाहेरची मदत आली ती आधी कामगारांकडून. सोह्यो या कामगार महासंघाच्या संघटना आणि समाजवादी खासदार सुरुवातीपासून होते. विद्यार्थी मोठ्या संख्येने आले १९५६ मध्ये, झेनगाकुरेन या विद्यार्थी महासंघातर्फे. शेतकऱ्यांच्या घरात, गोठ्यात, शाळेत त्यांचे मुक्काम पडले. इथे सुनागावाला एक मोठा फायदा होता आणि तो भूगोलाचा होता. टोकियोच्या मध्यभागातून चुओ लाइनच्या गाडीत बसलं की ताचिकावा. सकाळी विद्यापीठात असलेला मुलगा दुपारी शेताच्या बांधावर बसू शकत होता. वार्ताहर, छायाचित्रकार, प्राध्यापक सगळे येऊ शकत होते. उचिनादाला जाणं म्हणजे रात्रभराचा प्रवास.

१२ आणि १३ ऑक्टोबर १९५६ हे दोन दिवस 'रक्तरंजित सुनागावा' म्हणून नोंदले गेले आहेत. पावसाने चिखल झालेला. सशस्त्र पोलीस एका बाजूला, हातात हात गुंफून बसलेले विद्यार्थी, कामगार आणि गावकरी दुसऱ्या बाजूला. लाठीमारात जखमींचा आकडा हजाराच्या घरात गेला. संध्याकाळ होत आली तेव्हा विद्यार्थ्यांनी पोलिसांसमोर एक बालगीत म्हणायला सुरुवात केली, प्रत्येक जपानी मुलाला पाठ असलेलं, लाल चतुराचं. पोलीसही खेड्यांतलीच पोरं होती. त्यांच्यातले काही खाली मान घालून उभे राहिले, असं सांगणारे अनेक आहेत. १४ ऑक्टोबरला सरकारने मोजणी थांबवत असल्याचं जाहीर केलं.

या गर्दीत पिवळी वस्त्रं घातलेले, हातात पंख्याच्या आकाराचे डफ वाजवणारे बौद्ध भिक्खूही होते. त्यांच्या रांगेवर पोलिसांनी काठ्या चालवल्याची छायाचित्रं तेव्हा वृत्तपत्रांत आली. हे निप्पोन्झान म्योहोजी पंथाचे भिक्खू. मराठी वाचकाला हा पंथ नवा नसावा: त्याचे संस्थापक फुजी निचिदात्सु, म्हणजे आपल्याकडचे फुजी गुरुजी, १९३३ मध्ये वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटले होते, आणि त्यांचा 'नम् म्योहो रेंगे क्यो' हा मंत्र गांधीजींच्या आश्रमीय प्रार्थनेत आला तो त्या संबंधातून. सेवाग्राममध्ये आजही तो म्हटला जातो. अहिंसेचा अर्थ फुजी गुरुजींनी वर्ध्यात काय शिकला आणि बरोबर काय आणला होता, हा स्वतंत्र विषय आहे. पण सुनागावाच्या चिखलात डफ वाजवत बसून राहण्याची जी पद्धत दिसते, तिचा एक धागा वर्ध्यापर्यंत जातो हे नक्की. तिथे जखमी झालेले एक भिक्खू निशिमोतो आत्सुशी यांनी १९५८ मध्ये हिरोशिमाहून टोकियोपर्यंत पायी शांतियात्रा काढली. जपानमध्ये दरवर्षी निघणाऱ्या अण्वस्त्रविरोधी पदयात्रांची सुरुवात तिच्यापासून मानतात.

कुंपणाच्या आत साडेचार मीटर

आता त्या प्रसिद्ध खटल्याकडे. त्याची गंमत अशी की तो विस्ताराच्या जमिनीवरून झालाच नाही.

तळाच्या आत आधीपासून गेलेल्या काही पट्ट्या होत्या, त्यांची मालकी अजून शेतकऱ्यांकडे होती आणि सरकार त्यांना भाडं देत होतं. आओकींसारख्या काही मालकांनी भाडेकरार पुढे वाढवायला नकार दिला आणि जमीन परत मागितली. मग तळाच्या आतल्या त्या जमिनीचीही सक्तीने वापरासाठी मोजणी करणं सरकारला भाग पडलं. ८ जुलै १९५७ रोजी ही मोजणी चालू असताना बाहेर जमलेल्या निदर्शकांच्या रेट्यात कुंपण मोडलं आणि काही लोक आत शिरले. जास्तीत जास्त साडेचार मीटर. सप्टेंबरमध्ये अटका झाल्या आणि सात जणांवर आरोप ठेवले गेले. हे सात जण विद्यार्थी आणि कामगार होते. सुनागावाचा शेतकरी त्यांत एकही नव्हता.

कोणाच्या आवारात विनापरवाना घुसलं तर जपानच्या किरकोळ गुन्ह्यांच्या कायद्याखाली अगदी थोडी शिक्षा होते. पण अमेरिकी तळात घुसणाऱ्यासाठी वेगळा, कडक कायदा होता, एक वर्षापर्यंतच्या तुरुंगवासाची तरतूद असलेला. टोकियो जिल्हा न्यायालयाचे न्यायाधीश दाते आकिओ यांनी याच फरकावर बोट ठेवलं. अमेरिकी तळाला जपानी नागरिकाच्या घरापेक्षा जास्त संरक्षण का? ते तेव्हाच समर्थनीय ठरेल, जेव्हा अमेरिकी सैन्याची इथली हजेरीच राज्यघटनेला धरून असेल. आणि ती तशी नाही, कारण कलम ९ युद्धक्षमता बाळगायला मनाई करतं. ३० मार्च १९५९ रोजी सातही जण निर्दोष सुटले.

निकाल ऐकून सरकारची धांदल उडाली. सुरक्षा कराराच्या फेररचनेची बोलणी अगदी ऐन रंगात होती. अभियोग पक्षाने उच्च न्यायालय वगळून थेट सर्वोच्च न्यायालयात अपील केलं. सरन्यायाधीश तानाका कोतारो यांच्या अध्यक्षतेखालच्या पूर्ण पीठाने १६ डिसेंबर १९५९ रोजी एकमताने निकाल फिरवला: असा करार हा अत्यंत राजकीय स्वरूपाचा प्रश्न आहे आणि तो उघडउघड घटनाबाह्य दिसत नसेल तोवर न्यायालयाने त्यात पडू नये. नवा करार साधारण महिन्याभराने, जानेवारी १९६० मध्ये, सह्या होऊन तयार. सात जणांना पुढे १९६१ मध्ये प्रत्येकी दोन हजार येन दंड झाला.

पन्नास वर्षांनी अमेरिकी राष्ट्रीय अभिलेखागारातल्या दूतावासाच्या तारा (टेलिग्राम) बाहेर आल्या. २००८ पासून जपानी संशोधकांनी त्या शोधून काढल्या. दातेंच्या निकालाच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी अमेरिकी राजदूत डग्लस मॅकआर्थर, जनरल मॅकआर्थरचे पुतणे, परराष्ट्रमंत्री फुजियामांना भेटले आणि थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा आग्रह धरला, हे त्यांत दिसतं. त्याहून धक्कादायक म्हणजे खुद्द सरन्यायाधीश तानाकांनी खटला प्रलंबित असताना राजदूतांशी आणि दूतावासातल्या वरिष्ठांशी त्याविषयी खाजगीत चर्चा केली होती. खटल्याला प्राधान्य दिलंय, पण काही महिने लागतील, आणि निकाल एकमताचा व्हावा अशी अपेक्षा आहे, अशा आशयाच्या गोष्टी त्यांनी सांगितल्या. हयात आरोपींनी २०१४ मध्ये फेरखटल्याची मागणी केली. टोकियो जिल्हा न्यायालयाने ती २०१६ मध्ये फेटाळली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही. न्यायव्यवस्थेच्या इतिहासात हे प्रकरण चघळलं जाणारच. पण शेतकऱ्याच्या बाजूने पाहिलं तर १९५९ च्या डिसेंबरमध्ये त्याच्या हातात काहीच उरलं नव्हतं: मोजणी थांबलेली, पण योजना जिवंत, आणि घटनेच्या आधाराने तळाला आव्हान देण्याचा दरवाजा सर्वोच्च पातळीवर बंद.

आणि तरीही धावपट्टी एक मीटर पुढे सरकली नाही. का?

नगराध्यक्षांची नोटीस

इथे मला थोडं थांबायचंय, कारण अभ्यासात हाच भाग बहुतेक वेळा दोन ओळींत आटपतो.

सक्तीच्या भूसंपादनाची जपानी साखळी अशी होती. पंतप्रधानांनी ही जमीन गरजेची असल्याचं घोषित करायचं. सरकारच्या खात्याने मोजणी करून जमीन-मालमत्तेचे कागद तयार करायचे. मग प्रीफेक्चरच्या, म्हणजे प्रांताच्या, भूसंपादन आयोगाकडे अर्ज जायचा. आयोगाने अर्जाची प्रत स्थानिक नगराध्यक्षाकडे पाठवायची आणि नगराध्यक्षाने ती जाहीर करून लोकांना पाहायला, हरकती घ्यायला खुली ठेवायची. आपल्याकडे तलाठ्याने चावडीवर नोटीस डकवावी तसं हे काम: अगदी क्षुल्लक, यांत्रिक. पण साखळीतली ती एक कडी होती, आणि ती वगळून पुढे जाता येत नव्हतं.

मियाझाकींनी ती नोटीस लावलीच नाही. दगड उचलले नाहीत, पोलिसांना अडवलं नाही, फक्त आपल्या कचेरीतला एक कागद कचेरीतच ठेवला. मग टोकियोच्या राज्यपालांनी (जपानमध्ये हे पद निवडून आलेलं असतं) आपल्याच हाताखालच्या नगराध्यक्षाविरुद्ध दावा लावला: केंद्राने सोपवलेलं काम हा मनुष्य करत नाही, त्याला हुकूम द्या. खालच्या न्यायालयाने राज्यपालांचं म्हणणं मान्य केलं. आदेश वरून आलेला आहे, नगराध्यक्षाने तो पाळायचा, त्यात तपासण्यासारखं काय आहे, असा साधा विचार.

१७ जून १९६० रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल रद्द करून प्रकरण परत पाठवलं. न्यायालय म्हणालं, नगराध्यक्ष हा निवडून आलेला आहे, त्याची स्वायत्तता घटनेने मानलेली आहे. त्याला असा हुकूम द्यायचा तर वरून आलेला आदेश कायदेशीर आहे की नाही हे न्यायालयाने स्वतः तपासलं पाहिजे, डोळे मिटून शिक्का मारता येणार नाही. सहा महिन्यांपूर्वी ज्या न्यायालयाने तळाचा प्रश्न 'फार राजकीय' म्हणून बाजूला ठेवला, त्याच न्यायालयाने नोटीस लावायचा छोटा प्रश्न मात्र गांभीर्याने घेतला. आणि प्रत्यक्षात याच छोट्या प्रश्नाने वर्षं खाल्ली. प्रकरण पुन्हा खाली आलं, पुन्हा युक्तिवाद, पुन्हा तारखा.

जमीन घेणारं सरकार आणि जमीन न देणारा शेतकरी यांच्यात वेळ कोणाच्या बाजूने असतो? सर्वसाधारण समज असा की सरकारच्या. शेतकरी थकतो, म्हातारा होतो, मुलाला जमीन नको असते. सुनागावात हे सगळं घडलंही. पण लष्करी योजनेलाही मुदत असते. १९५५ मध्ये जी धावपट्टी गरजेची होती, ती पाच-सात वर्षांत कालबाह्य होते, कारण विमान बदलतं. ताचिकावाला अडकलेली मोठी जेट मालवाहतूक योकोटाच्या लांब धावपट्टीकडे वळू लागली होती. तळाभोवती टोकियोची उपनगरं दाटत होती. १९६३ मध्ये सुनागावा हे नगर म्हणून उरलंच नाही, ते ताचिकावा शहरात विलीन झालं. १९६७ मध्ये टोकियोचं राज्यपालपद मिनोबे र्योकिची या डाव्या पाठिंब्यावरच्या प्राध्यापकांकडे गेलं आणि संपादन पुढे रेटायला कोणी उत्सुक राहिलं नाही. व्हिएतनामयुद्धाच्या काळात विद्यार्थी पुन्हा सुनागावाला आले, पुन्हा मोर्चे निघाले. पण त्यावेळी तेवीस घरांच्या मागच्या पट्ट्यांमध्ये खरं राजकारण घडत होतं: त्या विकल्या गेल्या नव्हत्या, आणि विखुरलेल्या असल्यामुळे त्या सोडून धावपट्टी आखता येत नव्हती. सरकारने इतरांकडून विकत घेतलेल्या जमिनीला या पट्ट्यांशिवाय काडीचा उपयोग नव्हता.

डिसेंबर १९६८ मध्ये अमेरिकी हवाई दलाने विस्तार सोडून दिल्याचं जाहीर केलं. १९६९ मध्ये जपानी मंत्रिमंडळाने योजना औपचारिकपणे रद्द केली आणि त्याच वर्षाअखेर ताचिकावाहून अमेरिकी उड्डाणंही थांबली. ३० नोव्हेंबर १९७७ रोजी उरलेला तळ जपानला परत मिळाला.

जिंकल्यावर

परत मिळालेल्या जमिनीचं काय झालं, हे पाहिल्याशिवाय हा अभ्यास पुरा होणार नाही, आणि इथे आनंद बराच पातळ होतो. मोठ्या भागावर १९८३ मध्ये शोवा सम्राटाच्या (हिरोहितोच्या) नावाचं राष्ट्रीय उद्यान उघडलं. ते सुंदर आहे, टोकियोकर तिथे चेरी आणि जिंको बघायला गर्दी करतात. एका भागात १९७२ पासून जपानचं स्वसंरक्षण दल आहे, म्हणजे सैन्य गेलं नाही, फक्त गणवेश बदलला. आणि रस्त्यालगत, जिथे धावपट्टी येणार होती, तिथे सरकारने 'अटींवर तयार' असलेल्यांकडून घेतलेल्या जागा पुढे अनेक दशकं तारेच्या कुंपणात, शेतांच्या मध्ये ठिगळासारख्या पडून राहिल्या.

आणि विमानं? ती काही किलोमीटर पश्चिमेला योकोटाकडे गेली. तिथल्या रहिवाशांनी १९७६ मध्ये आवाजाविरुद्ध पहिला दावा लावला आणि त्यानंतर दावे थांबलेले नाहीत. सुनागावा जिंकलं तेव्हा ओझं कमी झालं नाही, सरकलं. याहून मोठं सरकणं दक्षिणेकडे झालं. पन्नाशीच्या दशकात मुख्य भूमीवर तळांविरुद्ध असंतोष वाढत होता, त्याच वर्षांत अमेरिकी मरीन तुकड्या गिफू, यामानाशी, शिझुओका या भागांतून ओकिनावाला हलवल्या गेल्या. ओकिनावा तेव्हा थेट अमेरिकी प्रशासनाखाली होतं. तिथे जपानची घटना लागू नव्हती, कलम ९ नव्हतं, दाते आकिओ नव्हते, चुओ लाइन नव्हती. १९५५ मध्ये इए बेटावर शेतकऱ्यांची घरं बुलडोझरने पाडली आणि शेतं जाळली, तेव्हा त्याचं छायाचित्र घ्यायला टोकियोचे वार्ताहर हजर नव्हते. सुनागावाच्या यशाबद्दल लिहिताना हे वाक्य टाळता येत नाही, आणि सुनागावाच्या जुन्या कार्यकर्त्यांनीही ते टाळलेलं नाही.

सुनागावाची पद्धत मात्र ओकिनावाला पोचली. १९९५ मध्ये तिथले राज्यपाल ओता मासाहिदे यांनी तळांच्या जमिनीच्या कागदांवर, भाडेकरार नाकारणाऱ्या मालकांच्या वतीने सही करायला नकार दिला. त्याच साखळीतली तसलीच एक कडी, चाळीस वर्षांनी. पंतप्रधानांनी त्यांच्याविरुद्ध दावा लावला आणि युक्तिवादात १९६० च्या सुनागावा निकालाचा आधार घेतला गेला: न्यायालयाने स्वतः तपासायला हवं. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट १९९६ मध्ये तपासलं, आणि ओता हरले.

सरकारने तेवढ्यावर ठेवलं नाही. १९९७ मध्ये कायदा बदलून, करार संपला तरी प्रक्रिया चालू असेपर्यंत जमीन वापरत राहायची सोय करून घेतली. १९९९ मध्ये स्थानिक स्वराज्याला अधिक अधिकार देणारा म्हणून जो मोठा कायदेबदल झाला, त्याच्याच पोटात तळांच्या जमिनीसाठी करावी लागणारी सही आणि जाहीर नोटीस ही दोन्ही कामं नगराध्यक्ष आणि राज्यपालांकडून काढून थेट केंद्र सरकारकडे घेतली गेली. मियाझाकींनी कचेरीत अडवून ठेवला तसला कागद आता कोणत्याच नगराध्यक्षाच्या टेबलावर येत नाही.